बोटांचे ठसे आणि ६१७४

निकालाचा हंगाम आला की नाशिकच्या कॉलेज रोडवर ढगांच्या आधी फ्लेक्स दाटून येतात. एकेका फ्लेक्सवर डझनावारी प्रज्ञावंत, पासपोर्ट आकारात. ते पाहून आठवी-नववीतल्या पोराच्या आई-बापांना शंका छळू लागते : आमचा नुसताच हुशार, की त्याच्याही पुढचा? आणि जिथे शंका, तिथे दुकान. पोराच्या दहा बोटांचे ठसे घ्यायचे, संगणकात घालायचे, की रंगीत अहवाल तयार. डावा मेंदू इतके टक्के, उजवा तितके, तर्कशक्ती उत्तम, शाखा विज्ञान. बोटांवरच्या रेषा आईच्या पोटातच ठरतात आणि पुढे बदलत नाहीत, हे खरं. म्हणून तर पोलिसांना त्यांचा उपयोग होतो. बुद्धी त्यांच्यावरून मोजता येते, याला मात्र शास्त्रीय आधार नाही. पण अहवालात कुणाचं पोर ढ निघाल्याचं अजून ऐकिवात नाही, मग तक्रार करणार कोण?

बरं, ठसे सोडा. रीतसर बुद्ध्यांक मोजू. अमेरिकेत लुईस टर्मन या मानसशास्त्रज्ञाने १९२१ पासून कॅलिफोर्नियातली सुमारे दीड हजार तल्लख मुलं चाळून काढली आणि आयुष्यभर त्यांची नोंद ठेवली. चाळणीतून दोन पोरं खाली गळाली. एक विल्यम शॉकली, दुसरा लुईस अल्वारेझ. पहिल्याला १९५६ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, दुसऱ्याला १९६८ मध्ये. चाळणीत राहिलेल्यांपैकी एकालाही नाही. तशी ती वाया गेली नाहीत हो. डॉक्टर, वकील, प्राध्यापक झाली. म्हणजे नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या आई-बापांना जे हवं असतं, नेमकं तेच.

बुद्धिबळवाल्यांचं बरं असतं. आपल्या नाशिकचा विदित गुजराथी २००८ मध्ये चौदा वर्षांखालच्यांचा जगज्जेता झाला, तेव्हा अहवाल कुणाला मागावा लागला नाही. पटावर समोरचा हरतो, विषय संपतो. गणितात असा समोरचा नसतो.

म्हणून नाशिकजवळच्या देवळालीच्या कापरेकर मास्तरांकडे या. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५, डहाणू. वडिलांना ज्योतिषाचा नाद, त्या आकडेमोडीतून पोराला आकड्यांची गोडी. (त्या ज्योतिषाला निदान बेरीज-वजाबाकी लागायची. आताच्याला नुसती बोटं पुरतात.) फर्ग्युसनमध्ये शिकत असताना १९२७ मध्ये रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं. पुढे पदव्युत्तर पदवी नाही, संशोधनसंस्था नाही. १९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत मास्तरकी आणि फावल्या वेळात संख्यांशी चाळा. देशातले मोठे गणिती त्या चाळ्याला हसले. किरकोळ म्हणाले.

चाळा काय होता? नाशिकचा जुना एसटीडी कोड घ्या, ०२५३. अंक उतरत्या क्रमाने लावा, ५३२०. चढत्या क्रमाने, ०२३५. वजाबाकी ५०८५. आता तिच्याशी तेच करा. ७९९२, ७१७३, ६३५४, ३०८७, ८३५२ आणि मग ६१७४. त्यापुढे कितीही वजाबाक्या करा, ६१७४ हलत नाही. चारही अंक सारखेच नसलेली कुठलीही चार अंकी संख्या फार तर सात पावलांत तिथेच येते. नाशिकने सातच्या सात घेतली, घाई करणं आपल्या गावाला शोभतही नाही. मास्तरांनी हे १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडलं. जगाचं लक्ष गेलं ते १९७५ मध्ये, मार्टिन गार्डनर या गणितलेखकाने अमेरिकेतल्या मासिकात लिहिलं तेव्हा. तोवर मास्तर सत्तरीत. पेन्शन पुरेना म्हणून शिकवण्या करत होते. त्यांच्या काही संख्यांना त्यांनीच देवळालीचं नाव दिलंय. कॉलेज रोडवर त्यांचा फ्लेक्स काही कुणी लावला नाही.

तेव्हा ओळखायचं कसं? मार्कांवरून कळतो तो सराव. वेगावरून कळतो तो क्लास. दोन्ही उपयोगाचे, फी भरलेली आहे. पण एक फुकट चाचणी करून पाहा. घरच्या पोराला ६१७४ ची गंमत दाखवा आणि लगेच सांगा, हे कुठल्याही परीक्षेला येत नाही. बहुतेक पोरं ‘भारी आहे’ म्हणून मोबाइल उचलतील, त्यात काही गैर नाही. एखादं मात्र दोन दिवसांनी जेवताना तुमची भाजी थंड करील. तीन अंकी घेतलं की ४९५ वर थांबतं, पाच अंकी घेतलं तर एका जागी थांबतच नाही, गरगर फिरत राहतं, असं का?

असं पोर निघालंच, तर अहवाल मागवू नका. फक्त क्लासच्या रिक्षावाल्या काकांना सांगून ठेवा, आज उशीर होईल.