पावतीकाका

बारावीचा निकाल लागला की लोक पेढे घेऊन देवळात जातात. आमच्या सोसायटीतले लोक बी विंगमध्ये पावतीकाकांकडे जातात. काका पेढा घेतात, तोंडात टाकतात आणि अभिनंदनाच्या आधी विचारतात, ‘‘उत्पन्नाचा दाखला काढलाय?’’

हा माणूस तुमच्याकडेही असणार. चिंचवडला असतो तसा नाशिकला सिडकोत असतो, सांगलीत विश्रामबागेला असतो. एखाद्या कारखान्याच्या अकाउंट्समधून निवृत्त झालेला, स्वतःची मुलं केव्हाच मार्गाला लागलेली, तरी दर जुलैत दुसऱ्यांच्या मुलांच्या फीने ज्याच्या अंगात वारं शिरतं असा. काखेत बटणाची प्लास्टिक फाइल. तिच्यात मूळ कागद एकही नाही, सगळ्या झेरॉक्स. मूळ कागद घेऊन हिंडणाऱ्या माणसाबद्दल काकांचं मत छापण्याजोगं नाही.

‘‘फी किती पडेल हो काका?’’ असं विचारणारा बाप पहिल्याच चेंडूवर बाद. काका चष्मा कपाळावर सरकवून विचारतात, ‘‘कोणती? शिक्षण शुल्क, विकास शुल्क, पात्रता, परीक्षा, विमा, अनामत? का होस्टेल-मेस धरून?’’ बाप बिचारा एक आकडा ऐकायला आलेला असतो. तो खाली बसतो. काकू आतून न विचारता चहा टाकतात, कारण आता निदान 1983 तरी येणार हे त्यांना ठाऊक असतं.

आणि ते येतंच. 1983 साली वसंतदादा पाटलांच्या कारकिर्दीत खासगी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना दारं उघडली, इथून काका सुरू करतात. मग देणग्या बोकाळल्या म्हणून 1987चा कॅपिटेशन फी बंदीचा कायदा. मग सुप्रीम कोर्ट. 2002चा टी.एम.ए. पै खटल्याचा निकाल काका घरातल्या लग्नाची तारीख सांगावी तसा सांगतात. कॉलेजांना फी ठरवायची मोकळीक, पण नफेखोरी नाही. आणि ती होतेय की नाही हे पाहायला, पुढच्या वर्षीच्या निकालाने, निवृत्त न्यायमूर्तींच्या हाताखालची समिती. आपल्याकडे 2015च्या कायद्याने तिचं शुल्क नियामक प्राधिकरण झालं. एवढं होईतो चहा संपलेला असतो आणि बापाला अजून आकडा कळलेला नसतो.

प्राधिकरण हा काकांचा खरा जिव्हाळा. कॉलेज जमाखर्च मांडून प्रस्ताव देतं, प्राधिकरण खर्च तपासून फी ठरवतं, आणि कुठल्या कॉलेजला किती मंजूर झाली ते संकेतस्थळावर टाकतं. इतर निवृत्त माणसं सकाळी हास्यक्लबला जातात. काका ते संकेतस्थळ उघडतात. ‘‘पगारावरचा खर्च वाढला म्हणतात, आणि मास्तर तर तासावर नेमलेत!’’ असं पुटपुटतात. घसारा हा शब्द ते ज्या प्रेमाने उच्चारतात त्या प्रेमाने त्यांनी काकूंना कधी हाक मारल्याचं सोसायटीत कुणी ऐकलेलं नाही. कुणी म्हणालंच, ‘‘अहो, कॉलेजवाले तर वेगळाच आकडा सांगतात,’’ की काकांच्या चेहऱ्यावर समाधान पसरतं. फाइल उघडते, मंजूर फीचं पान निघतं, त्यावर पिवळी रेघ आधीच मारलेली असते.

सवलतींच्या बाबतीत मात्र काका कठोर. आठ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीत निम्मं शिक्षण शुल्क सरकार भरतं, हे सगळ्यांना अर्धवट ठाऊक असतं. उरलेलं अर्धं काका सांगतात. ‘‘कॅपमधून, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, प्रवेश घेतलास तर. मॅनेजमेंट कोट्यातून गेलास की ही योजना विसर. आणि निम्मं शिक्षण शुल्क बरं का, निम्मी फी नव्हे.’’ हा फरक ऐकताना पालकांचे चेहरे बघण्यासारखे होतात. ट्यूशन फी वेव्हर स्कीमची जागा मिळाली तर ते सगळं शिक्षण शुल्क माफ, पण त्या पाच टक्के जादा जागा. तिथे मार्क लागतात, ओळख नाही. शेजारच्या देशपांडेकाकू एकदा म्हणाल्या, ‘‘आमच्या ह्यांची ओळख आहे वर.’’ काका एवढंच म्हणाले, ‘‘वर म्हणजे फार वर असेल तर उपयोग होईल.’’

2024 साली सरकारने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं, तेव्हा तिसऱ्या मजल्यावरची एक मुलगी धावत वर आली. ‘‘काका, मला फी शून्य!’’ काका खरंच आनंदले. तिला चॉकलेट दिलं. पण ती गेल्यावर जरा उदास बसले. मांडायला काही उरलंच नव्हतं. तासाभराने ते चपला घालून स्वतः तिसऱ्या मजल्यावर गेले आणि तिच्या वडिलांना म्हणाले, ‘‘विकास शुल्क राहतंय हं. अनामत पण.’’ परत आले तेव्हा चालीत पुन्हा जोम होता.

तारखांविषयी त्यांचं मत ठाम आहे. जगात दोन जातीचे बाप असतात, मुदत पाळणारे आणि मुदतवाढीची वाट पाहणारे. दुसऱ्या जातीचे जास्त. मुदतवाढ बहुतेक मिळते, हे काकांना कुणाहूनही चांगलं माहीत असतं, पण ते कुणाला सांगत नाहीत. कॅपमध्ये जागा लागली की हजार रुपये भरून ती स्वीकारायची, मग ठरल्या तारखेच्या आत कॉलेजात जाऊन कागद आणि फी देऊन प्रवेश पक्का करायचा. नाही गेलात, जागा गेली. ‘‘सर्व्हर डाउन होता’’ हे कारण काका ऐकून घेत नाहीत. ‘‘सर्व्हर शेवटच्या दिवशीच डाउन होतो. तू पहिल्या दिवशी का नाही गेलास? तेव्हा तो बिचारा मोकळा बसला होता.’’ त्यांची स्वतःची निष्ठा डिमांड ड्राफ्टवर. यूपीआयची शिक्षणसंस्थांसाठीची मर्यादा रिझर्व्ह बँकेने पाच लाखांवर नेल्याचं त्यांना पाठ आहे, पण बोटाने लाख रुपये पाठवणं त्यांना असभ्य वाटतं.

दाखल्यांसाठी त्यांचं वर्ष एप्रिलमध्येच सुरू होतं. ईडब्ल्यूएसचं प्रमाणपत्र आर्थिक वर्षाबरोबर संपतं, त्यामुळे 1 एप्रिलला काका जिन्यात भेटेल त्याला सेतू केंद्रात पिटाळतात. जुलैतल्या रांगेत घामाघूम उभ्या असलेल्या माणसाला त्यांचा फोन येतो तो धीर द्यायला नव्हे.

एकदाच मी त्यांना खरोखर हादरलेलं पाहिलं. एका तरुण बापाला ते समजावत होते, की आयकराच्या 80-सीत फक्त शिक्षण शुल्क धरतात, विकास शुल्क आणि देणगी नाही, दोन मुलांपुरतंच. तो शांतपणे म्हणाला, ‘‘काका, मी नवीन करप्रणाली घेतलीय. त्यात 80-सी नाहीच.’’ काकांनी पेन खाली ठेवलं. काकूंनी पंखा वाढवला.

पण त्यांच्या कीर्तीचा पाया आहे तो अनामत रकमेवर. पहिल्या वर्षी कॉलेज अनामत घेतं, शिक्षण संपल्यावर परत करायची असते. कोण मागायला जातं? मुलगा नोकरीला बंगलोरला, बाप विसरलेला. काका नाही विसरत. त्यांच्याकडे सगळ्या पोरांच्या अनामतीच्या पावत्या आहेत, लॅमिनेट केलेल्या. डिग्री हातात पडली की काका त्या इंजिनिअरला घेऊन कॉलेजात जातात. ग्रंथालयाची सही, प्रयोगशाळेची सही, जिमखान्याची सही. जिमखान्यात पोराने चार वर्षांत पाऊल टाकलेलं नसतं, तरी सही लागते, आणि सही करणारे सर नेमके जेवायला गेलेले असतात. काका बाकावर बसून राहतात. मधेच त्या ताटकळलेल्या पोराला ते यूजीसीचे 2018चे परताव्याचे नियम ऐकवतात: प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या पंधरा दिवस आधी प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी परत, त्यानंतर नव्वद टक्के, तारीख उलटली की ऐंशी, मग पन्नास, महिना उलटला की शून्य. पोरगा म्हणतो, ‘‘काका, मी तर पास झालोय.’’ ‘‘धाकट्या भावाला सांग,’’ काका म्हणतात. शेवटी चेक मिळतो. रकमेपेक्षा रिक्षाभाडं जास्त झालेलं असतं. काका चेकची झेरॉक्स काढतात.

मागच्या वर्षी ए विंगमधल्या एका मुलीला जर्मनीत एमएसला प्रवेश मिळाला. ती पेढे घेऊन आली आणि म्हणाली, सरकारी विद्यापीठ आहे, शिक्षण शुल्क नाही. ‘‘माफ झालं?’’ काकांनी विचारलं. ‘‘नाही काका, मुळातच नाही.’’ काका बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. ‘‘मग विकास शुल्क?’’ तेही नाही. तिने सांगितलं, दर सत्राला थोडं सत्रशुल्क असतं, त्यात पुष्कळ ठिकाणी बस-ट्रेनचा पासही येतो, आणि व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे 11,904 युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये आधी भरून दाखवायचे, तेच मग महिन्याला 992 असे आपल्याला मिळत राहतात.

काका सावरून बसले. फाइलमधून कोरा कागद काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या दारात हजर. रात्रभर वाचलं होतं. बाडेन-वुर्टेमबर्ग नावाच्या राज्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला 1500 युरो पडतात, असा शोध लागला होता. म्युनिकच्या तंत्र विद्यापीठानेही घ्यायला सुरुवात केली होती. ‘‘तुझं गाव कुठल्या राज्यात येतं?’’ त्यांनी आशेने विचारलं. ती म्हणाली, आखेन, वेगळ्या राज्यात.

काका जिना उतरले. अर्ध्यावरून परत वर आले.

‘‘ते ब्लॉक्ड अकाउंट,’’ ते म्हणाले, ‘‘त्यात पैसे भरले की पावती देतात ना? जर्मनमध्ये असली तरी चालेल. झेरॉक्स मला पाठव.’’