बिनघराचे ज्योतिषी

25 मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरला की वऱ्हाडात नवतपा लागतो. हे नऊ दिवस वाशिमच्या घरांत दुपारी कोणी बोलत नाही. कूलर बोलतो आणि माणसं ऐकतात. सहा वाजून गेले, ऊन भिंतीवरून उतरलं, की एका कॉलनीतले निवृत्त गुरुजी प्लास्टिकची खुर्ची घेऊन मागच्या अंगणात येतात. गळ्यात मुलानं पुण्याहून पाठवलेली दुर्बीण, मांडीवर मारुती चितमपल्लींचा ‘पक्षिकोश’, समोर मातीच्या परळात पाणी.

“दिसला का एखादा पक्षी, पुस्तकात?” स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाई विचारतात.

गुरुजी पाखरं पाहतात ती पावसासाठी. एकबुर्जी धरणातलं पाणी खाली गेलं की अख्खं शहर आभाळाकडे पाहतं. गुरुजी झाडाकडे पाहतात, एवढाच फरक. हवामान खात्यापेक्षा त्यांचा पाखरांवर भरवसा जास्त, कारण पाखरं टक्केवारी सांगत नाहीत.

पहिला साक्षीदार पावशा. त्याचं ओरडणं एकच, पण ज्यानं त्यानं आपल्या गरजेपुरतं ऐकलं. इंग्रज साहेबाला उकाडा सोसेना, त्याला ‘ब्रेन फीव्हर’ ऐकू आलं. हिंदी मुलखात विरहाला तोटा नाही, तिथं ‘पी कहाँ’. मराठी शेतकऱ्यानं ऐकलं, ‘पेरते व्हा’. आता त्याच्या भरवशावर सोयाबीन पेरलं, तर दुबार पेरणीचं बियाणं काही पावशा आणून देत नाही. म्हणून 75 ते 100 मिलिमीटर पाऊस पडल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विभाग सांगत असतो. पण कृषी विभागाला कवितेत कोण घेतो?

दुसरा कोकीळ. गातो तो काळा नर. ठिपक्यांची मादी नुसतं कुक-कुक करते, तरी गाण्याची कीर्ती कोकिळेलाच. तिसरा चातक. आफ्रिकेतून मोसमी वाऱ्यांच्या आगेमागे येतो. पावसाच्या थेंबावर जगतो अशी ख्याती. प्रत्यक्षात केसाळ सुरवंटांवर ताव मारतो.

तिघंही एकाच कुळातले, आणि तिघांपैकी एकही घरटं बांधत नाही. कोकिळेची अंडी कावळे उबवतात. पावशाची आणि चातकाची पिलं सातभाईंच्या गळ्यात. गुरुजींनी ही माहिती मोठ्यानं वाचून दाखवली. बाईंनी पोळी उलटता उलटता निकाल दिला, “ज्याइले घर शाकाराचं नाही, ते पाऊस सांगून राह्यले!”

सातभाईंना मात्र भविष्य सांगायला वेळ नसतो. एका जोडीची पिलं सगळा गोतावळा मिळून भरवतो. नावात सात असले तरी गुरुजींनी मोजले तेव्हा नऊ भरले, पुन्हा मोजले तर सहाच. सगळे एकदम परळात आंघोळीला उतरले, पाणी संपवलं आणि ते संपल्याबद्दल गुरुजींवरच कलकलाट केला. कडुनिंबावरच्या कावळ्यानं तर तारेचा तुकडा पळवून घरट्यात विणला. तिथं कोकिळेचं पिल्लू आहे का, हे पाहायला गुरुजी स्टुलावर चढले आणि टकलावर टोच घेऊन उतरले.

शेवटची आशा टिटवी. तिनं उंचावर अंडी घातली तर पाऊस भरपूर, असं जुने लोक सांगत. मागच्या रिकाम्या प्लॉटवर, सपाट जमिनीत, खड्यांच्या मधोमध चार अंडी दिसली आणि गुरुजींचा चेहरा उतरला.

पण दुर्बीण खाली ठेवण्याआधी त्यांना वेगळंच काही दिसलं. टिटवी तुरुतुरु चालत कूलरखालच्या डबक्याशी आली, त्यात बसली, पोटाची पिसं भिजवली आणि जाऊन अंड्यांवर बसली. उन्हात अंडी शिजू नयेत म्हणून टिटव्या असं करतात.

कूलरची गळती काढा, म्हणून बाई एप्रिलपासून मागे लागल्या होत्या. न काढण्याला गुरुजींकडे पहिल्यांदाच शास्त्रीय कारण आलं. टिटवीची अंडी फुटायला साधारण चार आठवडे लागतात, हेही त्यांनी लगेच सांगून टाकलं.

7 जूनला मृग लागला. पाऊस नाही, पिलं नाहीत. कूलर गळतो आहे.