बदली-चालक-मीमांसा

फॉर्म्युला वनच्या अव्वल संघात एखादी सीट रिकामी झाली की तिच्यावर कोणाला बसवावे, या विषयावर आजवर झालेल्या चर्चेत एक मूलभूत दोष आहे. ती सगळी वेगाभोवती फिरते. वेग हा निवडीचा निकष होऊच शकत नाही, कारण तो सगळ्यांकडे असतो. 2016 पासून सुपर लायसन्ससाठी तीन मोसमांत 40 गुण जमवावे लागतात. ते जमवून आलेल्या माणसाला हळू चालवता येत असेल, असे मानायला आधार नाही. (पूर्वीच्या काळात असा एक सापडतो; त्याचा परामर्श पुढे घेतला आहे.) तेव्हा खरा निर्णय होतो तो पूर्वसूरींनी क्षुल्लक म्हणून बाजूला सारलेल्या बाबींवर: पायाचे माप, पोटातले अवयव, मुक्कामाचे अंतर आणि दुसऱ्याला पुढे जाऊ देण्याची तयारी.

प्रथम पादत्राणे घेऊ. डिसेंबर 2020 मध्ये लुईस हॅमिल्टनला कोरोना झाला आणि साखीर ग्रांप्रीसाठी मर्सिडीजला चालक हवा झाला. राखीव चालक म्हणून स्टॉफेल व्हॅनडूर्न नेमलेला होता, तो लगबगीने बहारीनला येऊनही पोचला. मर्सिडीजने विल्यम्सकडून जॉर्ज रसेलला उसना घेतला. रसेल चांगलाच उंच, पाऊल 11 नंबरचे; गाडी हॅमिल्टनच्या अंगाबेताने बांधलेली. पेडलपाशी पाय मावेना, म्हणून रसेलने एक नंबर लहान बूट चढवले, आणि दुसऱ्या क्रमांकावरून सुटून पहिल्याच वळणात सहकारी बोटासला मागे टाकले. शर्यत त्याच्या हातात होती. मग विल्यम्समध्ये रसेलच्या जागी बसलेला जॅक एटकेन गरकन फिरला, त्याच्या गाडीचा पुढचा पंख तुटून ट्रॅकवर पडला आणि सेफ्टी कार बाहेर आली. त्या गडबडीत पिटमध्ये रसेलच्या गाडीला बोटासचे टायर लागले. ते बदलायला पुन्हा आत यावे लागले, पुढे एक चाक पंक्चर झाले, आणि जिंकत आलेला माणूस नववा आला. बदलीचा घात बदलीच्या बदलीने करावा, असे उदाहरण या शास्त्रात दुसरे नाही. अभ्यासकांनी यातून घ्यायचा सिद्धान्त असा की बूट दुसऱ्याच्या मापाचे चालतात, टायर चालत नाहीत.

इथे राखीव चालक या संस्थेचा विचार करणे भाग आहे. गिरणीच्या फाटकाशी बदली कामगार सकाळी उभा राही, तसा हा माणूस प्रत्येक शर्यतीला हजर असतो. कानाला हेडफोन, अंगात संघाचा शर्ट, चेहऱ्यावर बेताची उत्सुकता. फरक एवढाच की गिरणीत कोणी गैरहजर राहिला तर फाटकावरच्याला आत घेत. इथे दुसऱ्या गिरणीतून माणूस उचलून आणतात.

याचा सर्वांत करुण पुरावा फेरारीच्या दप्तरात आहे. जुलै 1999 मध्ये सिल्व्हरस्टोनला मायकेल शूमाकरचा पाय मोडला. लुका बडोएर तेव्हा फेरारीचा चाचणी-चालक होता. ती गाडी त्याच्याइतकी ओळखणारे जगात मोजकेच होते. फेरारीने घेतला मिका सालो. सालोपाशी एक दुर्मीळ पात्रता होती: त्याच मोसमात बीएआर संघात जखमी रिकार्डो झोंटाच्या जागी तीन शर्यती करून तो आला होता. म्हणजे बदलीचा ताजा अनुभव. हॉकनहाइमला तो पहिला चालला असताना त्याने जागा सोडून एडी अर्व्हाइनला पुढे जाऊ दिले, कारण जगज्जेतेपदाची आशा अर्व्हाइनला होती. अर्व्हाइनने आपला करंडक सालोच्या हाती दिला. ते जगज्जेतेपद अर्व्हाइनचे दोन गुणांनी हुकले. पण संघांच्या अजिंक्यपदात फेरारीचे 128 आणि मॅक्लारेनचे 124 गुण झाले. सालोने सहा शर्यतींत मिळवलेले गुण होते 10. ते वजा करून पाहिले की 1983 नंतरचे फेरारीचे ते पहिले अजिंक्यपद मॅक्लारेनकडे जाते. सालोच्या खात्यावर मात्र ग्रांप्रीतला विजय कधीच लागला नाही.

बडोएर चाचण्या घेत राहिला. दहा वर्षे. 2009 मध्ये हंगेरीत बारिकेलोच्या गाडीतून निसटलेली स्प्रिंग फेरारीच्या फिलिपे मासाच्या हेल्मेटवर येऊन आदळली. आधी शूमाकरच परत येणार असे ठरले, पण मोटारसायकलवरून पडून दुखावलेली त्याची मान तयार होईना. अखेर बडोएरला हाक आली. दहा वर्षे एकही शर्यत न केलेला हा माणूस व्हॅलेन्सियाला शुक्रवारच्या सरावात चारदा पिटच्या गल्लीत वेगमर्यादा ओलांडताना पकडला गेला, आणि वेगमर्यादा नसलेल्या जागी मात्र सर्वांच्या मागे राहिला. व्हॅलेन्सिया आणि स्पा, दोन्हीकडे पात्रता फेरीत शेवटचा. वेगाला पिटची गल्ली हीच योग्य जागा वाटावी, हे प्रस्तुत लेखकाला बडोएरच्या दृष्टीने अगदी तर्कशुद्ध वाटते: दहा वर्षे त्याला दरवाजाच दाखवला होता.

त्याच स्पाला आणखी एक गंमत झाली. विजय मल्ल्यांच्या फोर्स इंडिया संघाने तोवर एकही गुण मिळवला नव्हता. जियानकार्लो फिसिकेलाने त्यांची गाडी पोलवर लावली आणि फेरारीच्या रायकोनेनच्या मागे सेकंदाहून कमी अंतराने दुसरा आला. फेरारीने ताबडतोब त्याला बडोएरच्या जागी उचलला. भारतीय मालकाच्या गाडीत फेरारीला घाम फोडणाऱ्या फिसिकेलाला खुद्द फेरारीत पाच शर्यतींत एक गुण मिळाला नाही. मोंझाला नववा आला. गुण तेव्हा आठव्यापर्यंतच मिळत. विरोधी संघाचा चालक आपल्याकडे आणल्याने फायदा होतोच, पण तो मुख्यतः विरोधी गाडीतून उतरवल्याचा असतो.

अंतराचा निकष थोडक्यात आटोपतो. 2020 मध्ये नुर्बुर्गरिंगला लान्स स्ट्रोल आजारी पडला तेव्हा निको हुल्केनबर्ग तासाभराच्या अंतरावर, कोलोनमध्ये, कॉफी प्यायला निघाला होता. रेसिंग पॉइंटचा फोन आला, तो गेला, पात्रता फेरीत शेवटचा आणि शर्यतीत आठवा आला. संघ अव्वल नव्हता, पण कॉफीचे ठिकाण अव्वल होते.

आंत्रपुच्छ-प्रकरण अधिक गहन आहे. 2022 मध्ये मोंझाला अल्बॉनचे आंत्रपुच्छ सुजले. निक डी व्ह्रीस विल्यम्समध्ये बसला आणि नववा आला. 2024 मध्ये जेद्दाहला कार्लोस साइन्झचे सुजले. फेरारीने फॉर्म्युला टूमध्ये त्याच आठवड्यात पोल मिळवलेल्या 18 वर्षांच्या ऑलिव्हर बेअरमनला उचलले आणि तो सातवा आला. राखीव माणूसच सीटवर बसल्याचे हे विरळ उदाहरण आम्ही प्रामाणिकपणे नोंदवतो. पण साइन्झ शस्त्रक्रियेनंतर पंधरा दिवसांत मेलबर्नला उतरला आणि चक्क जिंकला. गाडीतला ग्रॅम न् ग्रॅम मोजणाऱ्या या खेळात त्या अवयवाचे वजन आजवर कोणी विचारात घेतले नव्हते. पुढच्या मोसमात साइन्झच्या सीटवर हॅमिल्टन बसणार, हे मात्र आधीच जाहीर झाले होते. तिथे आंत्रपुच्छाचाही इलाज चालेना.

हॅमिल्टनच्या जागी मर्सिडीजने किमी अँटोनेलीला निवडले. मोंझाला शुक्रवारी सरावात दहा मिनिटांत त्याने रसेलची गाडी भिंतीत घातली. शनिवारी निवड जाहीर झाली. रस्त्यावर गाडी चालवण्याचा परवाना त्याला त्यानंतर काही महिन्यांनी मिळाला.

रेड बुलच्या दुसऱ्या सीटवर स्वतंत्र ग्रंथ व्हायला हवा. गॅस्ली बारा शर्यती टिकला. पेरेझचा करार जून 2024 मध्ये दोन वर्षांनी वाढवला आणि डिसेंबरमध्ये त्याला निरोप दिला. लॉसनला दोन शर्यती मिळाल्या, त्सुनोदाला मोसमाचा उरलेला भाग, आणि 2026 साठी ती सीट इसाक हाजारकडे गेली. पहिल्याच ग्रांप्रीत शर्यत सुरू होण्याआधीच्या फेरीत गाडी भिंतीला लावणारा तो हाच. अँटोनेलीचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवले तर यात विसंगती दिसत नाही.

व्हॅनडूर्नचे सांगायचे राहिले. 2022 मध्ये तो मर्सिडीजकडूनच फॉर्म्युला ईचा जगज्जेता झाला. मर्सिडीजच्या फॉर्म्युला वन गाडीतून त्याला एकही ग्रांप्री मिळाली नाही. 2023 मध्ये तो ॲस्टन मार्टिनकडे गेला, तिथेही राखीव चालक म्हणूनच.