उत्पन्नाच्या दाखल्यास खुले पत्र

मा. उत्पन्नाचा दाखला यांस,


प्रवेशाचा हंगाम आला की सेतू केंद्रापासून तहसील कचेरीपर्यंत आपल्यासाठी रांगा लागतात. तलाठ्याचा अहवाल, स्वयंघोषणापत्र, रेशनकार्ड असे सगळे जमले की आपण तहसीलदारांच्या सहीनिशी प्रकट होता आणि एक आकडा सांगता. त्या आकड्यावर फीमाफी, शिष्यवृत्ती, वसतिगृह सारे ठरते. घरात काय शिजते ते आईपेक्षा आपल्याला जास्त ठाऊक, अशी सरकारची श्रद्धा आहे. तक्रार एवढीच, की आपल्याला ठाऊक असते ते गेल्या वर्षीचे.

2020 चेच पाहा. 2020-21 मध्ये प्रवेश घेणाऱ्या मुलासाठी आपण 2019-20 चे उत्पन्न सांगितलेत. ते आर्थिक वर्ष संपले 31 मार्चला आणि देशभर टाळेबंदी लागली 25 मार्चला. म्हणजे ज्या संकटाने घरेच्या घरे बसली, त्याचे जेमतेम सात दिवस आपल्या हिशेबात आले. पुढच्या तीन महिन्यांत देशाचे सकल उत्पादन, सरकारच्याच पहिल्या अंदाजानुसार, 23.9 टक्क्यांनी घसरले. रिक्षा दारात उभ्या राहिल्या, हॉटेलांच्या भट्ट्या विझल्या, मुंबई-पुण्याचे मजूर पायी गावाकडे निघाले. आणि आपण मात्र शांतपणे सांगत राहिलात की या मुलाचा बाप कमावता आहे. यंदाचा दुष्काळ गेल्या वर्षीच्या पावसाने मोजावा, तशी ही मोजणी. वर्षभराने आपला आकडा खाली आला, हे खरे. पण तोवर एकाही विषयात नापास न होता ज्याचे कॉलेज सुटले, त्याला त्या आकड्याचा काय उपयोग?

यावर उत्तरे तयार असतात. काहीतरी मोजमाप हवेच, नाहीतर बंगलेवाले शिष्यवृत्ती लाटतील, हे पहिले. कबूल. पण लाटणाऱ्याला आपण अडवता कुठे? पगारदाराचे उत्पन्न फॉर्म 16 वर रुपयापर्यंत दिसते. रोखीचा धंदा करणाऱ्याचे तो सांगेल तेवढे. त्यातून पगारदाराची नोकरी गेली, तर गेल्या वर्षीचा फॉर्म 16 त्याच्याच मुलाविरुद्ध साक्ष देतो. दुसरे उत्तर, शैक्षणिक कर्ज काढावे. शिकत असताना त्याचा हप्ता नसतो, पण व्याज चढत असते. ते सगळे व्याज केंद्राने भरावे, तर कुटुंबाचे उत्पन्न साडेचार लाखांच्या आत हवे. आणि तसे प्रमाणित कोण करणार? पुन्हा आपणच. तिसरे उत्तर, कमवा आणि शिका. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ती वाट दाखवली तेव्हा संस्थेने मुलांना काम दिले होते. ‘जा, शोध’ म्हटले नव्हते. ज्या बाजारात बापाला काम नाही, तिथे मुलाला कोण देणार?

गेल्या वर्षीचे सोडून चालू उत्पन्न धरावे म्हटले, तर त्याची खात्री कशी करायची, हा शेवटचा आक्षेप. मग 2020 मध्ये कर्जदारांसाठी काय केले ते पाहा. टाळेबंदी लागली 25 मार्चला. 27 मार्चला रिझर्व्ह बँकेने कर्जाचे हप्ते तीन महिने पुढे ढकलण्याची मुभा दिली, पुढे ती ऑगस्टअखेरपर्यंत वाढवली. नंतर दोन कोटींपर्यंतच्या ठरावीक कर्जांवरचे, त्या सहा महिन्यांचे व्याजावरचे व्याज केंद्राने स्वतः सोसले. कुणाकडे दाखला मागितला? कुणाच्या दारी तलाठी गेला? शैक्षणिक कर्जेही त्या सवलतीत होती. म्हणजे विद्यार्थी कर्जबाजारी झाला की लगेच विश्वासाला पात्र! दोन कोटी उचललेल्याची अडचण दोन दिवसांत पटते आणि खानावळीचे महिन्याचे पैसे थकलेल्या पोराची वर्ष उलटेपर्यंत पटत नाही. याला प्रशासकीय अडचण म्हणू नका. हा निगरगट्टपणा आहे.

पण बाबा रे, तुझ्यावर तरी किती चिडू? तू सहीशिक्क्याचा एक कागद. 31 मार्चला तुझीच मुदत संपते. ज्यांनी गरिबांच्या दारी जाऊन पाहायचे, त्यांनी ते ओझे तुझ्या डोक्यावर टाकून हात झटकले. अमेरिकेत पालकाची नोकरी गेली तर कॉलेजातला अर्थसाहाय्य अधिकारी त्या घरचे चालू उत्पन्न धरून मदत वाढवू शकतो. आपल्याकडेही अर्जात एवढी सोय करावी: कमावता माणूस गेला, नोकरी सुटली किंवा धंदा बसला, तर वर्षाच्या मधेच नवा आकडा नोंदवता यावा, निर्णय होईपर्यंत कॉलेजने फीचा तगादा लावू नये, माहिती खोटी निघाली तर खुशाल वसुली करावी. गेल्या वर्षीच्या पगारातून यंदाची फी भरता येत नाही, हे सरकारने एकदा शासन निर्णय काढून मान्य करावे.

कळावे.