पाळण्यांचं कलादालन

देह, स्मृती आणि विधी. हल्ली कुठल्याही समूहप्रदर्शनाला जा, हे त्रिकूट दारातच उभं. छताला लाल दोरे, जमिनीवर तांदळाची रास, कोपऱ्यात आजीचं लुगडं. शेजारी दीड पानाची कन्सेप्ट नोट. लुगडं कळतं. नोट कळत नाही.

त्यापेक्षा चला नंदगडला. तालुका खानापूर, जिल्हा बेळगाव. प्रवेश फुकट, उद्घाटक नाही, त्यामुळे भाषणही नाही.

इथे 26 जानेवारी 1831 रोजी इंग्रजांनी संगोळ्ळी रायण्णाला वडाला टांगून फाशी दिली. कित्तूर संस्थान पडलं तरी त्याचा हा शेतसनदी, म्हणजे जमिनीच्या बदल्यात चाकरी करणारा शिपाई गनिमी काव्याने झुंजत होता. पकडून दिलं ते आपल्याच माणसांनी.

हा विधी मात्र अखंड चालू आहे.

जन्म 15 ऑगस्टचा मानतात, फाशी 26 जानेवारीची. सरकारचं बरं झालं, दोन्ही सुट्ट्या आयत्याच मिळाल्या.

आता जवळून बघा. इथल्या झाडाला पाळणे लटकतात. नवसाचे, लहान लहान. मूल व्हावं म्हणून लोक येतात, बांधून जातात. ज्याच्या गळ्याला फास लागला, त्याच्या दारी पाळणा! इतकी तिरपी कल्पना कुठल्या क्युरेटरच्या बापाला सुचेल?

बरं, 2010 साली कलावंत मरीना अब्रामोविच न्यूयॉर्कच्या एका संग्रहालयात सातशेहून अधिक तास खुर्चीत मुकाट बसली. समोर बसायला रांगा लागल्या. जग म्हणालं, कला! आपल्याकडे एखादी बाई देवळापर्यंत लोटांगण घालत जाते, तिला आपण काय म्हणतो?

फरक काय? एसीचा.

आता देहाचं बघा. बेळगावचे चित्रकार के. बी. कुलकर्णी व्यक्तिचित्रांत मुरलेले. रवी परांजपे त्यांचेच विद्यार्थी. या पठडीत देह रंगवायचा म्हणजे आधी हाडं-स्नायू बघायचे, मग रंगाला हात घालायचा. चित्र नोटेशिवाय कळायचं.

म्हणूनच ते जुनाट ठरलं.

आणि रायण्णा? बेळगाव शहराकडे आला की तो कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न होतो. ऑगस्ट 2020 मध्ये बेळगावजवळच्या पिरनवाडीत त्याचा पुतळा कुठे बसवायचा यावरून मराठी-कानडी वाद. डिसेंबर 2021 मध्ये तिकडे बेंगळुरात शिवरायांच्या पुतळ्याची विटंबना, इकडे बेळगावच्या अनगोळात रायण्णाच्या पुतळ्याची मोडतोड. दोघेही एकाच काळात असते तर एकाच बाजूने लढले असते, पण चौकात हे सांगणार कोण? दगड भिरकावायला इतिहास लागत नाही. अंधार पुरतो.

पाळणा बांधणाऱ्या बाईला मात्र ‘मराठी की कानडी?’ असं अजून कुणी विचारलेलं नाही. हे मोठ्याने बोलू नका. निवडणुका येतच असतात.

कलावंतांनो, तुम्हीही जरा जपून. पुढच्या प्रदर्शनात नंदगडचा पाळणा पांढऱ्या भिंतीवर दिसला तर आम्ही दचकणार नाही. खाली चिठ्ठी असेल: मिश्र माध्यम, किंमत चौकशीअंती.

नवस कुणी फेडायचा, तेही चौकशीअंती.