चालतोय की अजून!

मराठी घरात वस्तूला निवृत्तीचं वय नसतं. मिक्सरमधून धूर यावा लागतो, तेव्हा कुठे नव्याचा विषय निघतो. मग एसीची काय कथा! आमचा दीड टनी स्प्लिट २०१० साली आला, स्टारचं लेबल सक्तीचं झालं त्याच वर्षी. ‘फाइव्ह स्टार आहे,’ हे अण्णा पाहुण्यांना पाणी देण्याआधी सांगत.

पण स्टार म्हणजे काही पद्मश्री नव्हे, एकदा मिळाली की जन्मभर मिरवायला. तेव्हा एका युनिट विजेत ३.१ युनिट उष्णता घराबाहेर काढली की पाच स्टार मिळत. जुलै २०२२ मध्ये आलेल्या तक्त्यात स्प्लिटला त्यासाठी ५ चा आकडा गाठावा लागत होता. मोजायची रीत बदलली हे खरं, आता अख्ख्या मोसमाची सरासरी धरतात. तरीही त्या तक्त्यात आमच्या मानकऱ्याला एका स्टारचीही मारामार. भर उन्हात तो तासाला पावणेदोन युनिट खातो. नवा इन्व्हर्टरवाला सरासरी एकावर भागवतो.

“अण्णा, नवा घेतला तर बिल वाचेल.”

“हा लावलाच नाही तर त्याहून वाचेल.”

यावर स्टार देणाऱ्या बीईईकडेही उत्तर नसावं. शिवाय हिशेब अण्णांच्याच बाजूचा. चार महिने रात्रभर एसी लावणाऱ्याची वर्षाला काहीशे युनिटं वाचतील, त्याने बिघाडाची वाट पाहत बसणं हा निव्वळ तोटा. आम्ही मात्र लावतो फक्त मे महिन्यात, तोही खोली गार झाली की बंद करून वर पंखा. नव्याची किंमत वसूल होईतो तोच म्हातारा व्हायचा.

आणि समजा बदललाच, तरी जुना जातो कुठे? खरं तर तो मोडीत निघावा, त्यातला आर-२२ वायू हवेत न सोडता नीट काढून घेतला जावा. तो ओझोनच्या थराला घातक. पण एक्स्चेंजमध्ये दिलेले कितीतरी एसी रंगरंगोटी होऊन दुसऱ्याच्या भिंतीवर चढतात आणि तिथे तितकीच वीज खातात. वाचली ती आपल्या मीटरवर, देशाच्या नव्हे.

हे सगळं घरात बोलून होतंय तोवर मेहुण्यांचा फोन आला. “नवा घेताय म्हणे? मग जुना कुणाला देऊ नका हं. आमच्या हॉलला चालेल. आम्ही काय, दिवसभरच लावतो.”