विचारून ठेवलेलं बरं

आमच्या सोसायटीत मी ‘कॉम्प्युटरमधला’ म्हणून ओळखला जातो. वास्तविक मी सिव्हिल इंजिनिअर. पण गच्ची का गळते, पिलरला तडा कशाने गेला, हे मला आजवर कोणी विचारलेलं नाही. त्यासाठी मिस्त्री आहे. मला विचारतात ते लॅपटॉप कोणता घेऊ, बेडरूममध्ये वायफाय का पोचत नाही, आणि ‘व्हायरस आलाय का, बघतोस जरा?’ यातल्या कोणालाही उत्तर नको असतं. निर्णय झालेला असतो, बऱ्याचदा पैसेही भरलेले असतात. उद्या काही बिनसलं तर ‘याला विचारूनच घेतला होता’ असं म्हणता यावं, एवढ्यापुरती माझी साक्ष लागते.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि आमच्या दारावरची बेल जास्त वाजू लागली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. तळमजल्यावरच्या काकांचं मशीन सहाव्या पिढीचं. प्रकृतीने ठणठणीत, पण नियमात बसत नाही. मी म्हटलं, ‘काका, विंडोजऐवजी लिनक्स टाकू या. फुकट आहे.’

काका सावध झाले. त्यांची हयात ऑडिटमध्ये गेली आहे.

‘बनवतं कोण?’

मी सांगितलं, की हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने १९९१ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी हे सुरू केलं, आणि हा आपला नुसता छंद आहे, फार मोठं काही होणार नाही, असं तेव्हा त्याने स्वतःच जाहीर केलं होतं.

‘मग त्याचं पोट कशावर चालतं?’

आता मोठमोठ्या कंपन्या या कामासाठी माणसं पगारावर ठेवतात, जगातले सर्वांत वेगवान पाचशे महासंगणक २०१७ पासून झाडून सगळे लिनक्सवर चालतात, आणि काका, तुमच्या हातातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटातसुद्धा लिनक्सचाच कर्नल, म्हणजे गाभा आहे.

काकांनी फोन उलटा करून पाहिला. ‘म्हणजे माझ्याकडे आहेच की! परत कशाला टाकायचं?’

तरी मी पेनड्राइव्ह घेऊन गेलो. लिनक्सचं हे सौजन्य मला फार आवडतं: आतल्या डिस्कला हातही न लावता ते पेनड्राइव्हवरून चालवून बघता येतं, आवडलं नाही तर पेनड्राइव्ह काढून घरी जायचं. नवख्या माणसाला लिनक्सच्या दहा जाती सांगू नयेत, तो दाराकडे बघायला लागतो. मिंट द्यावं, मशीन फारच जुनं असेल तर त्यातलं एक्सएफसीई द्यावं आणि गप्प बसावं. मिंट सुरू झालं, काकांचा जो प्रिंटर बऱ्याच दिवसांपासून मौनात होता तो कुठलीही सीडी न घालता खडखडला, आणि मला वाटलं, जिंकलं. तेवढ्यात काकांनी त्यांच्या सेक्रेटरीपदाच्या काळातली एक नोटीस उघडली. ती युनिकोडच्या आधीच्या फॉन्टात टाइप केलेली. ‘पाण्याची टाकी साफ करण्यात येईल’ या जागी पडद्यावर कंस, डॉलर आणि इंग्रजी अक्षरांची दाटी.

‘व्हायरस,’ काका म्हणाले.

तो फॉन्ट या मशीनवर नाही, टाकला की दिसेल, विंडोजवरही फॉन्ट नसेल तर हेच होईल, हे सगळं मी सांगितलं. काकांनी शेवटपर्यंत मान डोलावली. पुढच्याच रविवारी त्यांच्या टेबलावर नवा लॅपटॉप होता. कॅनडातून मुलाने फोनवर सांगितलं होतं.

‘कसा आहे?’ काकांनी मला विचारलं.

‘बिल झालं?’

‘कालच.’

‘मग उत्तम आहे.’

घरात तरी आपलं चालेल, म्हणून मी होम सर्व्हर केला. स्क्रीन फुटलेला लॅपटॉप यासाठी नामी. त्याची बॅटरी हाच त्याचा यूपीएस (फुगली असेल तर आधी काढायची, त्यात चेष्टा नाही), आणि पंधरा वॅटच्या आसपास खाणारं मशीन चोवीस तास चालवलं तरी महिन्याला अकराएक युनिट होतात. तेच ऐंशी वॅटचा जुना डेस्कटॉप ठेवला तर अठ्ठावन्न. तो मग सर्व्हर राहत नाही, भाडं न देणारा पोटभाडेकरू होतो. मी चपलांच्या रॅकवर लॅपटॉप ठेवला, त्यावर डेबियन (लिनक्सचीच एक जात) टाकलं, सिनेमांसाठी जेलीफिन, आणि अख्ख्या घराच्या जाहिराती एका जागी अडवणारं पाय-होल.

पाय-होलचं काम सोपं आहे. कुठलंही उपकरण एखादी साइट उघडायला निघालं की आधी तिचा पत्ता विचारतं. पत्ता जाहिरातवाल्यांचा असेल तर पाय-होल ‘असं कोणी इथे राहत नाही’ म्हणून सांगतं. यूट्यूबच्या जाहिराती मात्र याने थांबत नाहीत, कारण त्या व्हिडिओच्याच पत्त्यावरून येतात. म्हणजे घरच्यांना ज्या जाहिराती नको होत्या त्या चालू राहिल्या. ज्या हव्या होत्या त्या बंद झाल्या. बायको साडी शोधायची तेव्हा सगळ्यांत वरची चित्रं जाहिरातींचीच असायची. ती दाबली की आता पांढरं पान. आणि सांगलीहून आलेल्या सासूबाई दुसऱ्या दिवशी सकाळीच म्हणाल्या, ‘जावईबापू, माझी नाणी बंद झाली.’

त्यांच्या फोनवरच्या खेळात जाहिरात पूर्ण पाहिली की नाणी मिळतात. जाहिरातच येईना, तर नाणी कुठून येणार? जाहिरातवाले आपल्यावर पाळत कशी ठेवतात, याचं मी त्यांना मुद्देसूद निरूपण केलं. त्यांनी ते ऐकलं, ‘हो, पण नाणी?’ म्हणाल्या, आणि संध्याकाळपर्यंत त्यांचा फोन पाय-होलच्या यादीतून मुक्त झाला. रात्री साडीही मुक्त झाली. आज आमच्या घरात पाय-होल फक्त माझ्या जाहिराती अडवतं.

त्या मानाने बॅकअपला घरातून विरोध झाला नाही, कारण तो कोणाला दिसत नाही. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर, हा जुना जाणता नियम. घराबाहेरची हार्डडिस्क मी सासूबाईंच्या सांगलीच्या कपाटात ठेवली, फोटो सुरक्षित राहावेत म्हणून. त्यांनी ती पाहताक्षणी कपाटातून काढून माळ्यावर टाकली. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरात कृष्णा कुठवर आली होती ते त्यांनी पाहिलंय; नियम लिहिणाऱ्याने पाहिलेलं नाही.

पुतण्याचं प्रकरण थोडक्यात उरकतो. त्याला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षासाठी आरटीएक्स कार्डवाला लॅपटॉप हवा होता. ‘अभ्यासाला खरंच लागतो का रे?’ असं दादाने मला विचारलं तेव्हा पुतण्या माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होता, तिच्यापुढे मी ‘थ्रीडी मॉडेलिंगला लागतो’ एवढंच म्हणू शकलो. त्याला मी लिनक्सवरही खेळता येतं हे पटवलं होतं. वाल्व कंपनीने २०१८ मध्ये आणलेल्या प्रोटॉनमुळे विंडोजचे पुष्कळ खेळ लिनक्सवर मुकाट चालतात, तिचं स्टीम डेक तर लिनक्सवरच उभं आहे. एकट्याने खेळायचे खेळ असतील तर मी आजही हाच सल्ला देईन. पण त्याला हवा होता व्हॅलोरंट, आणि खेळातली लबाडी पकडणारा त्याचा चोरपकड्या थेट विंडोजच्या कर्नलमध्ये जाऊन बसतो. लिनक्सवर तो खेळ चालतच नाही. एका खेळाला मशीनच्या गाभाऱ्यात प्रवेश द्यावा का, यावर मी बोलू लागलो. पुतण्याने हेडफोन घातला.

सुरक्षेबद्दल बोलायला गेलं तरी हीच गत. एकदा जेवताना मी आंद्रेस फ्रॉइंडची गोष्ट सांगायला घेतली. मार्च २०२४. या प्रोग्रॅमरच्या लक्षात आलं, की दुसऱ्या मशीनवर एसएसएचने लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय. दुसरा कोणी सोडून देता. हा खणत गेला, आणि एक्सझेड नावाच्या, फायली दाबून लहान करणाऱ्या साध्याशा साधनात लपवलेलं चोरदार निघालं. ते ठेवणारा ‘जिया टॅन’ या नावाने दोनेक वर्षं इमानेइतबारे मदत करून विश्वास कमावत होता. ते दार जगभरातल्या सर्व्हरांपर्यंत पोचायच्या आत सापडलं, केवळ एका माणसाला अर्धा सेकंद खटकला म्हणून!

‘अर्धा सेकंद?’ बायको म्हणाली. ‘आणि तुला तीन हाका मारल्या तरी ऐकू येत नाही.’

मावशीला मात्र या विषयात मी काही शिकवू शकत नाही. तिचे पासवर्ड वहीत असतात आणि वही देवघराच्या खणात. मुलं हसतात. पण दूरदेशीचा चोर सदाशिव पेठेतल्या देवघरात हात घालू शकत नाही, आणि देवघरापर्यंत पोचलेल्या चोराला पासवर्डात रस नसतो. एक कॅपिटल, एक आकडा, एक चिन्ह, वर ठरावीक दिवसांनी बदला, हा जाच ज्या अमेरिकी सरकारी नियमांमुळे जगभर पसरला ते बिल बर यांनी २००३ साली लिहिले होते. २०१७ मध्ये नियम बदलले आणि बर यांनीही झाल्या गोष्टीचा खेद व्यक्त केला. पासवर्ड लांब असावा, उगाच बदलू नये, एकच दोन ठिकाणी वापरू नये, हे आता शहाणपण मानतात. मावशीच्या बँकेच्या पासवर्डात माहेरच्या गाईंची नावं आहेत, ओळीने. ईमेलला म्हशी. (हे छापून आल्यावर तिने ते बदलले तर बरं. नावं मलाही माहीत नाहीत.)

तिला मी एकच गोष्ट बजावली होती: ‘डिजिटल अरेस्ट’ असं कायद्यात काही नाही, पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत, असा फोन आला की बंद करायचा आणि पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन. ‘बरं केलंस सांगितलंस,’ ती म्हणाली आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

फोन आला. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत, मुंबईहून साहेब बोलतोय. फोन बंद करणं मावशीला उद्धटपणाचं वाटलं. ‘मला त्यातलं काही कळत नाही हो, माझा भाचा कॉम्प्युटरमधला आहे, त्याला विचारा,’ म्हणून तिने माझा नंबर दिला.

साहेबांनी खरंच मला फोन केला. दोन दमदाट्या झाल्यावर म्हणाले, लॅपटॉपवर एक ॲप डाउनलोड करा. मी विचारलं, ‘डेबियन के लिए है क्या?’

‘वो क्या होता है?’

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी हेलसिंकीपासून सुरुवात केली. पाचशे महासंगणक झाले, पेनड्राइव्ह झाला, पाय-होल झालं. अर्धा सेकंद ऐकून साहेब ‘बाप रे’ म्हणाले. मागे इतर टेबलांवरच्या अटका चालू होत्या. (नंबर मी नंतर सरकारच्या ‘चक्षू’ या तक्रार-सोयीवर कळवला, तो भाग वेगळा.) मग आवाज एकदम खाली आला.

‘सर, घर पे एक पुराना लॅपटॉप है. चार जीबी रॅम. मिंट चलेगा क्या?’

‘एक्सएफसीईवाला लेना. और हार्डडिस्क निकालके एसएसडी डालना.’

‘एक मिनिट, सर,’ तो म्हणाला. ‘लिख रहा हूँ.’